शूरा परिषद नुसती सल्ला देणारी नाही

'हमास या पॅलेस्टिनी संघटनेची शूरा परिषद म्हणजे नावापुरतं सल्लागार मंडळ, सगळं नेताच ठरवतो' हे काहींचं म्हणणं मला पटत नाही. शूरा या अरबी शब्दाचा अर्थ सल्लामसलत असा आहे खरा, पण राजकीय ब्युरो, म्हणजे संघटनेचा कारभार चालवणारं नेतृत्वमंडळ, निवडण्याचा अधिकार याच परिषदेकडे आहे. गाझा, वेस्ट बँक, परदेश आणि इस्रायली तुरुंगांतले कैदी अशा चारही विभागांतून तिच्यात प्रतिनिधी येतात. तुरुंगातल्या माणसालाही पक्षाच्या निर्णयात वाटा असणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चर्चेत न आलेली एक गोष्ट सांगतो. जुलै २०२४ मध्ये तेहरानला हमासचे प्रमुख इस्माईल हनिये मारले गेले, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेले याह्या सिनवारही. त्यानंतर एकच प्रमुख न नेमता पाच जणांच्या समितीकडे कारभार गेला आणि तिच्यात शूरा परिषदेचे प्रमुख मोहम्मद दरविश होते. नाममात्र मंडळाच्या प्रमुखाला अशा वेळी कोण बोलावतं? मात्र परिषदेतली बहुतेक नावं गुप्त असतात. त्यामुळे सामान्य पॅलेस्टिनी माणूस तिला जाब विचारू शकत नाही, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे.