सिस्टरांच्या दवाखान्यात दुसरं सिझर आणि सोबत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन: होतं का? सल्ला हवा

पळसाचं_पान
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय, तालुका मुद्दाम सांगत नाही. बायकोला आठवा लागलाय. पहिली मुलगी सिझरने झाली, ती आता साडेतीन वर्षांची आहे. यावेळीही सिझरच करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. दोन लेकरं पुरे हे आमचं दोघांचं ठरलंय, म्हणून सिझर करतानाच ऑपरेशनही उरकून घ्यायचा विचार आहे.

आमच्या जवळ भरवशाचा म्हणावा असा एकच दवाखाना, कॅथलिक सिस्टरांचा. पहिली डिलिव्हरी तिथलीच. स्वच्छता, बोलणं, बिल, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. या खेपेला तपासणीच्या वेळी ऑपरेशनचा विषय काढला, तर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ते आमच्याकडे होत नाही." मागे रांग होती, जास्त विचारता आलं नाही. सासूबाईंचं मत, जास्त पैसे काढायचे असतील. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, तिथे सिझर होत नाही. काय करावं?

कोरडवाहू
सासूबाईंना सांगा, पैशाचा काही संबंध नाही. दुप्पट दिले तरी करणार नाहीत. कॅथलिक चर्चची शिकवणच तशी आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये पत्रक काढून नसबंदी, गोळ्या, तांबी, निरोध सगळ्याला मनाई कायम ठेवली. ती त्यांच्या दवाखान्यांनाही लागू, मग पेशंट हिंदू असो, बौद्ध असो की गोंड. पाळीचे दिवस पाहून संबंध टाळणं तेवढं चालतं, आणि ते मात्र मन लावून शिकवतात.

एक लक्षात ठेवा, 'मिशन दवाखाना' म्हटलं की तो कॅथलिकच असतो असं नाही. तुमच्याच जिल्ह्यातला उमरीचा दवाखाना फ्री मेथडिस्ट लोकांनी उभा केलेला. वरुड-मोर्शीकडचे लोक बैतूलच्या बाजूला पाढरला जातात, तो ल्युथेरन. प्रोटेस्टंट चर्चांत नसबंदीला अशी सरसकट बंदी नाही. बोर्डावर क्रॉस पाहून अंदाज बांधू नका, फोन करून विचारा.

पऱ्हाटी
माह्या भावजयीचं असंच झालं होतं भाऊ. आमाले कोणी आधी सांगतलंच नाई. सिझरच्या टेबलावर जायच्या आधी सही घेताना कळलं का इथं आप्रेशन नाई होत. मंग काय, टाके वाळले, लेकरू अंगावर पेते, अन् पुन्हा गाडी करून दुसऱ्या गावाले दुसरं आप्रेशन. दोनदा भूल, दोनदा खर्च, वरून घरी रांधाले कोणी नाई. सिस्टर लोकं वाईट नाईत, पण हे पहिल्या तपासणीलेच कागदावर लिहून द्याले पाह्यजे का नाई? तुमी आधीच इचारलं हे लय बरं केलं.

निवृत्त_परिचारिका
अशा दवाखान्याच्या लेबर रूममध्ये मी बरीच वर्षं काम केलंय. मी ख्रिस्ती नाही, त्यावरून कधी त्रासही झाला नाही. पऱ्हाटीताई म्हणतात ते खरं आहे, आधी सांगण्यात आमची माणसं कमी पडतात. संकोच असतो.

नियमाचा गाभा एवढाच: गर्भाचा जीव मुद्दाम घ्यायचा नाही आणि मूल होण्याची शक्ती मुद्दाम बंद करायची नाही. आईच्या आजारावर उपचार करताना गर्भ हाती लागला नाही, तर त्याला ते दोष मानत नाहीत. गर्भपिशवीचा कॅन्सर असेल तर पिशवी काढतात. गर्भ नळीत राहिला तर नळी काढतात. पण तोच गर्भ मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन विरघळवायचा का, यावर त्यांच्या धर्मपंडितांचंच एकमत नाही, त्यामुळे डॉक्टरागणिक उत्तर बदलतं. पोटात ठोके थांबले असतील तर क्युरेटिंगला कोणी अडवत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "सिस्टर पिशवी साफ करत नाहीत" अशी अफवा ऐकून बाया रक्तस्राव होत असताना घरी बसतात.

गाठ पडते ती एका ठिकाणी. चौथ्या-पाचव्या महिन्यात पाणी गेलं, बाळ जगण्यासारखं नाही, पण ठोके चालू आहेत. अशा वेळी काही ठिकाणी ताप किंवा जंतुसंसर्गाची लक्षणं दिसेपर्यंत थांबतात. तिथे नातेवाइकांनी स्पष्ट विचारावं: कशाची वाट पाहताय, आणि तोवर मोठ्या दवाखान्यात हलवता का? तुमच्या पत्नीला आठवा लागलाय, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. आता बीपी वाढलं किंवा पाणी गेलं तर बाळ लवकर काढायला धर्माची आडकाठी नाही.

आणखी एक गंमत. १९३६ पर्यंत खुद्द रोमचाच नियम होता की सिस्टरांनी बाळंतपणं करायची नाहीत. भारतासारख्या देशांत पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बाया मरत होत्या, म्हणून तो बदलावा लागला.

अमरावतीकर
हे सगळं वाचून मी म्हणेन, जाऊच नका. आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवारचं आयर्लंडमध्ये २०१२ साली काय झालं ते विसरलात? सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे माहीत, ठोके आहेत म्हणून गर्भपात नाकारला, आणि सेप्सिसने, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग पसरून, बाई गेली. डेंटिस्ट होती, शिकलेली होती, स्वतः मागत होती. आपल्या खेड्यातली बाई काय मागणार?

निवृत्त_परिचारिका
तुमचा राग समजतो. पण सविता होती ते गॅलवेचं हॉस्पिटल सरकारी होतं, चर्चचं नव्हतं. तिथे देशाचा कायदाच आड आला, आणि २०१८ च्या सार्वमतात लोकांनी गर्भपात रोखणारं ते घटनेतलं कलम काढून टाकलं. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक कारणांसाठी २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं, आणि आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची अटच नाही. सज्ञान बाईच्या सहीशिवाय दुसऱ्या कोणाची सही लागत नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही. खासगी दवाखाना "आम्ही गर्भपात करत नाही" म्हणू शकतो. पण अत्यवस्थ पेशंटला हात न लावता परत पाठवणं कोणालाच चालत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच तसं सांगितलंय.

'जाऊच नका' म्हणणं सोपं आहे. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर ज्या दवाखान्यात डॉक्टर जागा असतो, तो टाळून कुठे जायचं तेही सांगा.

अमरावतीकर
ठीक आहे. पण बोर्ड लावा म्हणावं. "येथे अमुक होत नाही." एवढं तर करता येईल?

निवृत्त_परिचारिका
त्याला माझा पाठिंबा.

जंगोरायताड
विषय थोडा बाजूला नेतो. दोघांची सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी झाली का? आपल्या भागात हे आधी. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के. ते गर्भातच तपासता येतं, साधारण १० ते १२ आठवड्यांत. सिस्टरांच्या दवाखान्यात सिकलसेलच्या बाईची काळजी उत्तम घेतात, माझ्या बहिणीची घेतली. पण गर्भाची तपासणी करून पुढे काय करायचं हा निर्णय घ्यायचा असेल, तर सुरुवातीपासूनच मेडिकल कॉलेजला नाव नोंदवलेलं बरं. तिसऱ्या महिन्यात धावपळ करून वेळ हातचा जातो.

पळसाचं_पान
तपासणी झाली आहे, दोघंही वाहक नाही. सगळ्यांचे आभार. म्हणजे पर्याय दोन: सिझर इथे आणि ऑपरेशन नंतर दुसरीकडे, किंवा दोन्ही एकदम सरकारी दवाखान्यात. बरोबर?

तूरडाळ_आणि_भाकर
तिसरा पर्याय कोणीच बोलला नाही. दादा, नसबंदी तुम्ही करून घ्या. बिनटाक्याची असते, पंधरा-वीस मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. वहिनींचं पोट एकदा उघडलंय, दुसऱ्यांदा उघडणार आहे. तिसरं ऑपरेशनही त्यांनीच करायचं का? "ताकद जाते, शेतीची कामं होत नाहीत" हे गावातलं बोलणं निव्वळ खोटं आहे. माझ्या नवऱ्याने केली, हंगामभर फवारणीचा पंप पाठीवर होता.

कोरडवाहू
ताईंनी सगळ्या पुरुषांना गप्प केलं.

तरी वहिनींचंच करायचं ठरलं तर माझं मत: दोन्ही एकदम सेवाग्रामच्या किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला. सिझर करताना पोट उघडलेलं असतंच, नळ्या बांधायला थोडाच वेळ जास्त लागतो. 'नंतर करू' म्हणून राहून गेलं आणि पुन्हा दिवस गेले, तर दोन सिझरच्या व्रणावर तिसरं गरोदरपण. व्रण उसवण्याची आणि वार त्याच जागी चिकटून बसण्याची भीती वाढते. मात्र आता आठवा आहे, तेव्हा याच आठवड्यात जाऊन नाव नोंदवा. ऐनवेळी गेलात तर ड्युटीवरचा डॉक्टर ऑपरेशनचं पुढे ढकलू शकतो.

पऱ्हाटी
अन् सिस्टरांले नाराज नोका करू. तारखेच्या आधीच कळा आल्या तर तुमाले तिथंच पळा लागते. त्याईले सरळ सांगा, आमी ऑपरेशनसाठी सेवाग्रामले चाललो, चिठ्ठी द्या. देतात त्या.

पळसाचं_पान
आज बायकोशी बोललो. तूरडाळताईंचा मेसेज तिलाच वाचायला दिला, ती हसत सुटली आणि मग म्हणाली, "विचार करा." करतोय. तोवर सोमवारी सेवाग्रामला जाऊन येतो. सोबत काय काय न्यावं?

निवृत्त_परिचारिका
पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड सगळ्यात आधी, गर्भपिशवीवरचा छेद कसा घेतला होता ते त्यात असतं. मग आतापर्यंतच्या सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, माता-बाल कार्ड, आधार आणि रेशनकार्ड. ओपीडीत नंबर सकाळी लवकर लावा. ऑपरेशनची इच्छा पहिल्याच दिवशी पत्नीने स्वतः सांगावी आणि ती केसपेपरवर लिहून घ्या. रुग्णवाहिकेचा १०२ नंबर आणि आशाताईंचा मोबाइल घरात भिंतीवर लिहून ठेवा, तुम्ही वावरात असाल तेव्हा सासूबाईंना सापडला पाहिजे.