क्लोज डाउनचा अर्थ सांगा, अर्जंट

इतवारीकर: क्लोज डाउन म्हणजे बंद करणे, एवढंच ना? लवकर सांगा. सकाळपासून फोन घेऊन डोकं दुखून राहिलं.

बर्डीवाला: कसले फोन, भाऊ? पूर्ण वाक्य टाका.

इतवारीकर: शटरवर पुठ्ठा लावला, मार्करनं ‘शॉप क्लोज्ड डाउन’ लिहून.

निवृत्त मास्तर: घोळ तिथंच आहे. नुसतं ‘क्लोज्ड’ म्हणजे सध्या बंद. ‘डाउन’ जोडलं की धंदाच कायमचा उठला. आपली नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, पुढे बंद पडली. ते क्लोज डाउन. रात्री गल्ला मोजून कुलूप लावता, ते क्लोज अप.

कीबोर्ड: शट डाउन लिहा. कॉम्प्युटर शट डाउन केला तरी परत चालू होतोच.

निवृत्त मास्तर: यंत्राला चालेल. दुकानाला लावलं तर पुन्हा कायमचं बंद असाच अर्थ निघेल.

कीबोर्ड: काऊन? बुधवारी लाइटवाले शटडाउन घेतात, संध्याकाळी लाइट येतेच ना!

निवृत्त मास्तर: तिथं ते नाम आहे, आणि बंद होते ती लाइन. तुम्ही दुकानाबद्दल बोलताय.

ताळेबंद: कंपनी असेल तर ‘वाइंड अप’ म्हणा. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम २७१ बघा, न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

इतवारीकर: कंपनी नाही जी, किराणा आहे! पुतणीच्या लग्नाला अमरावतीला आलो, तीनच दिवस बंद. तिकडे होलसेलवाले उधारी मागून राहिले, त्यांना वाटलं मी पळालो.

बर्डीवाला: हे आधी सांगायचं ना!

महालची सून: आमच्या सासूबाई दुकान ‘बंद केलं’ असं कधी म्हणू देत नसत. ‘दुकान वाढवलं’ म्हणायचं. बांगडी फुटली तरी वाढवलीच. सासरे शटर ओढायच्या आधी गल्ल्यावरच्या गणपतीला हात जोडत, मग म्हणत, “चला, वाढवा.” इंग्रजीत याला काही आहे का?

कीबोर्ड: ‘क्लोज्ड टिल मंडे’ लिहा.

निवृत्त मास्तर: नको. सोमवारी उघडं की बंद, यावर गिऱ्हाईक भांडेल. ‘रीओपन्स ऑन ट्यूसडे’ लिहा.

इतवारीकर: शेजाऱ्याला पुठ्ठा बदलायला सांगितलं. मराठीतच लिहवलं: ‘घरी लग्न आहे. मंगळवारी सकाळी आठला दुकान उघडेल.’ फोटो होलसेलवाल्यांना पाठवला. एकाचा फोन आला, आहेर काय देऊ म्हणून.