पहिले विमान सत्तर मिनिटे उशिरा, मुंबईला पोहोचायला तेवीस तास उशीर: भरपाई मागता येते का?

एल्बेकाठ

नमस्कार. माझे आई-बाबा उन्हाळ्यात दोन महिने माझ्याकडे हॅम्बुर्गला राहून सप्टेंबरमध्ये पुण्याला परत गेले. दोन्ही विमाने एकाच आरक्षणावर होती: हॅम्बुर्गहून युरोपीय संघातल्याच एका मोठ्या विमानतळापर्यंत पहिले आणि तिथून थेट मुंबईचे दुसरे. मध्ये दीड तासाचे अंतर होते. पहिले विमान सत्तर मिनिटे उशिरा पोहोचले. उरलेल्या वीस मिनिटांत पासपोर्ट तपासणी पार करून दोघे गेटपाशी गेले, तेव्हा मुंबईचे विमान काचेपलीकडे उभे दिसत होते, पण गेट बंद झाले होते. कंपनीने रात्री हॉटेल आणि जेवणाची कुपने दिली व दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली. मोठ्या बॅगा मात्र विमानतळावरच राहिल्या, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या त्यांतच होत्या. मुंबईला ते ठरलेल्या वेळेपेक्षा तेवीस तास उशिरा उतरले, आणि पुण्यापर्यंतच्या टॅक्सीचे आगाऊ भरलेले पैसेही बुडाले.

मी कंपनीला लिहिले, तेव्हा उत्तर आले की त्यांचे विमान केवळ सत्तर मिनिटे उशिरा होते, भरपाई तीन तासांपुढच्या उशिरालाच मिळते, तरीही सदिच्छा म्हणून प्रत्येकी १५० युरोचे व्हाउचर देण्यास ते तयार आहेत. व्हाउचर अजून स्वीकारलेले नाही. कंपनीचे म्हणणे नियमाला धरून आहे का? बाबांचे मत असे की त्यांनी राहायची-जेवायची सोय केली, आता आणखी काय मागायचे.

निवांत

कंपनीचे म्हणणे नियमाला धरून नाही, आणि हे तिला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. विमान प्रवाशांच्या हक्कांविषयीच्या युरोपीय संघाच्या नियमन २६१/२००४ खाली एकाच आरक्षणावरचा प्रवास हा अखंड प्रवास धरला जातो, त्यामुळे उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामी, म्हणजे तुमच्या बाबतीत मुंबईला. युरोपीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी सी-११/११ या खटल्यात दिलेला निकाल तुमच्या प्रसंगाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्यातील प्रवासी ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पाउलोमार्गे पॅराग्वेतील आसुन्सिओनला निघाली होती. ब्रेमेनचे विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले, पुढची विमाने चुकली आणि ती अकरा तास उशिरा पोहोचली. तिथेही पहिल्या विमानाचा उशीर तीन तासांच्या आतच असल्याचे कंपनीने सांगितले होते. न्यायालयाने तो मुद्दा अमान्य केला. पुढच्या पत्रात हा खटला क्रमांक घालूनच लिहा, कारण त्यानंतर ठरावीक साच्यातले उत्तर पाठवणे त्यांना जरा जड जाते.

रक्कम अंतरावर ठरते: १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या टप्प्यात ४०० आणि संघाबाहेरच्या ३५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ६०० युरो. अंतर हॅम्बुर्ग ते मुंबई असे सरळ मोजतात, मधल्या विमानतळाचा वळसा धरत नाहीत. त्या हिशेबाने दोघांचे मिळून १२०० युरो होतात. लांबच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांचा असेल तर रक्कम निम्मी करण्याची मुभा कंपनीला असते, पण तेवीस तासांना तो प्रश्नच उद्भवत नाही.

खरा वाद होईल तो कारणावर. उशीर असाधारण परिस्थितीमुळे झाला आणि शक्य ते सर्व करूनही तो टाळता आला नसता, हे दोन्ही कंपनीने सिद्ध करायचे असते. कारणाबाबत प्रवाशाने काहीच सिद्ध करायचे नसते. वादळ किंवा हवाई नियंत्रणाने घातलेली बंधने त्यात बसू शकतात. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र सहसा बसत नाही, हे सी-५४९/०७ या खटल्यात २००८ मध्येच ठरले आहे. म्हणून आधी उशिराचे कारण लेखी मागा.

व्हाउचरवर सही करू नका. भरपाई रोख, धनादेशाने किंवा बँकेतून द्यायची असते आणि प्रवाशाने लेखी संमती दिली तरच व्हाउचर चालते. बाबांना हेही सांगा की हॉटेल आणि जेवण हा कंपनीचा पाहुणचार नव्हता, ते तिचे कर्तव्यच होते आणि त्याचा खर्च भरपाईतून वजा करता येत नाही. टॅक्सीचे पैसे या नियमनात येत नाहीत. ते माँट्रियल कराराखाली (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील नुकसानीची जबाबदारी ठरवणारा करार) प्रत्यक्ष नुकसान म्हणून पावतीसह मागता येतात, पण अशी रक्कम आणि ही ठरावीक भरपाई एकमेकींतून वळती होऊ शकते. एका टॅक्सीसाठी वेगळा पत्रव्यवहार करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

सातबारा

निवांत यांनी कायदा सांगितला, मी कागदांचे सांगतो. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी असाच दावा दुसऱ्या एका कंपनीकडे केला होता आणि तो दोनदा केवळ कागदांवरून परत आला. भरपाई प्रवाशाला मिळते, तिकीट काढणाऱ्याला नव्हे. त्यामुळे तिकीट तुम्ही तुमच्या कार्डावर काढलेले असले तरी आई आणि बाबा या दोघांचीही सही असलेले अधिकारपत्र लागेल. ई-तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक प्रत्येकाचा वेगळा असतो; तो आणि आरक्षणाचा सहा अक्षरी संकेतांक या दोन गोष्टींत आमची गल्लत झाली होती. जुने बोर्डिंग पास, दुसऱ्या दिवशीचे बोर्डिंग पास आणि बॅगांना लावलेल्या पट्ट्या यांतले जे सापडेल त्याचे फोटो आजच मागवून घ्या, कारण आपली मंडळी घरी पोहोचल्यावर बॅगा पुसून पट्ट्या आधी केरात टाकतात.

शेवटची अडचण बँकेची. अर्जात आयबीएएन, म्हणजे युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागतात आणि तो भारतीय खात्यांना नसतो. आम्ही अर्जातला तो रकाना भरायच्या नादात आठवडा घालवला. अधिकारपत्रातच रक्कम माझ्या जर्मन खात्यात जमा करण्यास संमती आहे असे एक वाक्य घातल्यावर काम झाले.

दावा वसूल करून देणाऱ्या संस्थांकडे लगेच धावू नका. त्या बरेचदा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक ठेवून घेतात आणि पहिली दोन पत्रे त्याही तुमच्या-माझ्यासारखीच लिहितात. कंपनी बधली नाही तर जर्मनीतील प्रवासी तंटा-निवारण मंडळाकडे जाता येते, मात्र कंपनी त्याची सदस्य आहे का ते आधी पाहावे लागते. ब्राउनश्वाइगचे संघीय विमान वाहतूक कार्यालय तक्रार नोंदवून कंपनीला दंड करू शकते, तुमचे पैसे मिळवून देत नाही. मुदतीची घाई नाही: जर्मन कायद्यात ती तीन वर्षांची असते आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात.

मु. पो. डोंबिवली

याच अनुषंगाने विचारतो. मी मुंबईहून दोहामार्गे पॅरिसला आखाती कंपनीच्या विमानाने गेलो आणि दोह्याला पुढचे विमान चुकून नऊ तास उशिरा पोहोचलो. आरक्षण एकच होते. मलाही ६०० युरो मागता येतील का?

निवांत

दुर्दैवाने नाही. संघातील विमानतळावरून निघणारा प्रवास कोणत्याही कंपनीचा असला तरी या नियमनात येतो. संघाबाहेरून संघात येणारा प्रवास मात्र विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच येतो. त्याच कंपनीने पॅरिसहून दोहामार्गे मुंबईला परत येताना तुमचे विमान दोह्याला चुकले असते, तर दावा करता आला असता. जाणे आणि येणे एकाच तिकिटावर असले तरी ते दोन वेगळे प्रवास धरले जातात, हेही न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले आहे. तुमच्यासाठी मार्ग माँट्रियल कराराचा. त्यात ठरावीक रक्कम नसते, झालेले नुकसान दाखवावे लागते आणि दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

आपल्याकडच्या नियमांविषयी कोणी विचारण्याआधीच लिहितो: नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. वाट पाहताना जेवण-फराळ, उशीर सहा तासांहून अधिक असेल तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचा परतावा आणि चोवीस तासांहून अधिक असेल (रात्रीच्या विमानांना सहा तासांहून अधिक) तर हॉटेल, एवढ्यावर ते थांबतात. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार तास उशिरा जम्मूला पोहोचलेल्या रेल्वेला, प्रवाशाचे श्रीनगरचे विमान चुकल्याबद्दल तीस हजार रुपये द्यायला लावले होते. तिथे रेल्वे आणि विमान ही दोन वेगळी तिकिटे होती, त्यामुळे वेगळ्या तिकिटांवर काहीच मिळत नाही असे सरसकट म्हणता येत नाही, पण ती वाट आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती हे लक्षात घ्या.

एल्बेकाठ

सर्वांचे आभार. कंपनीला खटल्याचा क्रमांक घालून लिहिले आणि उशिराचे कारण मागितले. चार दिवसांनी एका ओळीत ‘तांत्रिक कारण’ असे उत्तर आले, त्यात सत्तर मिनिटांचा उल्लेख आता नाही. बॅगांच्या पट्ट्या सातबारा यांनी म्हटल्याप्रमाणे केरातच गेल्या, पण चारही बोर्डिंग पास बाबांनी आरतीच्या पुस्तकात जपून ठेवले होते. दोघांच्या सह्यांचे अधिकारपत्र आज आले. आईची सही मराठीत आहे, पासपोर्टवरही तशीच असल्याने तशीच पाठवत आहे.