अंतःस्रावी ग्रंथी आणि संप्रेरके: वाचनाची सुरुवात कोठून करावी?

अनवट:
गेले दोन महिने मी अंतःस्रावी ग्रंथींविषयी वाचत आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडतो. पुस्तक उघडले की ग्रंथी, तिचे स्थान, तिचे संप्रेरक आणि त्याचे कार्य असा लांबलचक तक्ता समोर येतो. रात्री पाठ केलेले सकाळपर्यंत टिकत नाही. निमित्त घरचेच आहे. पत्नीच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड स्टिम्युलेटिंग हार्मोन) 11 आले, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. ते वाढलेले असल्याने थायरॉइड जास्त काम करत असावी, असे मी समजलो. डॉक्टरांनी मात्र थायरॉइडचेच संप्रेरक गोळीच्या रूपाने सुरू केले. वाढलेल्यात आणखी भर कशासाठी, हे मला उमगले नाही आणि तिथे विचारायचा धीरही झाला नाही. उपचारांबद्दल सल्ला नको आहे, तो डॉक्टर देतीलच. हा विषय कोणत्या क्रमाने वाचावा, आधी काय हाती घ्यावे आणि काय खुशाल मागे ठेवावे, एवढे जाणकारांनी सांगावे.

जुना फळा:
तक्ता बाजूला ठेवा. मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आणि सुरुवातीला मीही तक्त्यापासूनच आरंभ करत असे. मुले गुण मिळवत, पण तुम्हाला पडलेला हाच प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरे. एकच साखळी निवडा आणि ती शेवटच्या कडीपर्यंत वाचा. तुमच्या हाती रिपोर्ट आहे, तेव्हा ती थायरॉइडचीच असू द्या.

टीएसएचच्या नावात थायरॉइड असली, तरी ते थायरॉइडमधून येत नाही. मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पियूषिका ग्रंथी ते रक्तात सोडते, आणि तिला तसे करायला मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग टीआरएच नावाचे संप्रेरक पाठवून सांगतो. टीएसएचमुळे थायरॉइड कामाला लागते, टी4 आणि थोडे टी3 ही आपली संप्रेरके तयार करते, आणि ही दोन्ही रक्तात पुरेशी झाली की तीच वरच्या दोघांना हात आखडता घ्यायला लावतात. यालाच नकारात्मक फीडबॅक म्हणतात. नाव नकारात्मक असले तरी शरीराचा तोल बहुतांशी यावरच टिकून असतो. तेव्हा वाढलेले टीएसएच म्हणजे पियूषिकेने लावलेला तगादा आहे, आणि माल वेळेवर पोहोचत नसला की तगादा वाढतो. गोळीतून टी4 मिळाले की तो ओसरतो.

याच साखळीत काळाचा धडाही मिळतो. रक्तातील टी4 निम्मे व्हायला साधारण 7 दिवस लागतात. मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला असे चार-पाच टप्पे जावे लागतात, आणि म्हणूनच डॉक्टर सहसा सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. आठवडाभरात रक्त तपासून निराश होणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

परीक्षानळी:
वरील सल्ला पटला. मात्र एवढ्यावर थांबल्यास सगळ्या ग्रंथी पियूषिकेच्याच हुकमतीत असतात, असा ग्रह होईल. त्यामुळे दुसरी साखळी रक्तशर्करेची घ्यावी, असे मी सुचवेन, कारण तिथे वरून कोणी हुकूम सोडत नाही. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातील बीटा पेशी ते स्वतःच ओळखतात आणि इन्सुलिन सोडतात, ज्यामुळे स्नायू व मेद ग्लुकोज आत घेतात आणि यकृत ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. उपाशीपोटी ग्लुकोज उतरू लागले की अल्फा पेशींचे ग्लुकॅगॉन यकृताला तोच साठा मोडायला लावते. इन्सुलिनचे रक्तातील आयुष्य काही मिनिटांचेच असते. त्याच्याशेजारी टी4चे 7 दिवस ठेवून पाहिले की कोणते काम झटपट हवे आणि कोणते संथ, हे आपोआप ध्यानात येते. रक्तातील कॅल्शियमवर लक्ष ठेवणाऱ्या चार परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथीही अशाच, वरच्या हुकमाविना चालणाऱ्या.

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून एक पुस्ती जोडतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींमधून येणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा आकडा नमुना घेतल्याच्या वेळेशिवाय वाचू नये. ते पहाटेपासून चढते, सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. सकाळी आठचा सामान्य आकडा रात्री बाराला आढळला, तर तो सामान्य राहत नाही.

जुना फळा:
मान्य, माझ्या सांगण्यात ती उणीव होती. वाचता वाचता कंटाळा आला, तर 1902 मधील बेलिस आणि स्टार्लिंग यांच्या प्रयोगाकडे वळा. त्यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे चेतातंतू तोडले आणि तिथे आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरला. निरोप चेतांमधून जात नव्हता, म्हणजे तो रक्तातून जात असणार. मग आतड्याच्या अस्तराचा अर्क थेट रक्तात टोचला, तेव्हाही रस आला. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि 1905 मध्ये स्टार्लिंग यांनी हार्मोन हा शब्द वापरात आणला. गंमत अशी की हा पहिला निरोप्या तक्त्यातल्या कोणत्याही ग्रंथीतून नव्हे, तर आतड्यातून आलेला होता.

अनवट:
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरली. रक्त तर सगळीकडे फिरते. मग टीएसएचचा तगादा फक्त थायरॉइडलाच कसा कळतो?

परीक्षानळी:
निरोप पोहोचतो सर्वांना, पण तो वाचण्याची सोय ज्या पेशीजवळ असते, तीच हलते. या सोयीला रिसेप्टर म्हणतात. टीएसएच किंवा इन्सुलिन यांचे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात. कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइड संप्रेरके मात्र पेशीत शिरून थेट जनुकांचे काम बदलतात, म्हणून त्यांचा परिणाम बहुधा उशिरा दिसतो. यापुढचे रेणूंचे तपशील तूर्त खुशाल मागे ठेवा.

अनवट:
काल रात्री कागदावर चार खण आखले. टीएसएच जास्त आणि टी4 कमी, तर दोष थायरॉइडमध्ये. टीएसएच कमी आणि टी4 जास्त, तर थायरॉइड कोणाचे न ऐकता स्वतःच उधळलेली. दोन्ही कमी, तर दोष वर, पियूषिकेत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये. दोन्ही जास्त, हा खण रिकामाच राहिला.

जुना फळा:
तीनही खण बरोबर आहेत. चौथा क्वचितच भरतो: पियूषिकेतील एखादी गाठ आवर न मानता टीएसएच सोडत राहते, किंवा शरीर थायरॉइडच्या संप्रेरकांना पुरेसा प्रतिसाद देत नाही. तिसऱ्या खणात मात्र पेन्सिलने एक भर घाला. तिथे टीएसएच कमीच दिसेल असे नाही, ते सामान्य मर्यादेतही असू शकते. टी4 इतके उतरलेले असताना तगादा वाढायला हवा होता. तो वाढला नाही, हेच तिथे दोषाचे चिन्ह आहे.