मदत हवी आहे: फोर्कनंतर पकडून ठेवलेल्या पेजेसमध्ये डीएमएचा डेटा दिसत नाही

नमस्कार मंडळी,

लातूरला डाळ मिलच्या सॉर्टिंग मशीनसाठी कॅमेरा कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. डाळ कॅमेऱ्यासमोरून पडते, काळा दाणा किंवा खडा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. मध्ये डेटा कॉपी करत बसायला वेळच नाही. म्हणून युजर-स्पेसमधला (साध्या प्रोग्रामच्या मेमरीतला) ४ एमबीचा बफर ड्रायव्हर गेट_युजर_पेजेस_फास्टने राइट फ्लॅग देऊन एकदाच पकडतो (त्याच्या पेजेसचा, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांचा, रेफरन्स धरतो) आणि कार्ड थेट त्यात डीएमए करतं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता लिहितं. कर्नल ५.४.

लॉग लिहायला चाइल्ड प्रोसेस फोर्क केली (मूळ म्हणजे पॅरेंट प्रोसेसची प्रत काढली) की गडबड सुरू. इंटरप्ट येतो, कार्ड म्हणतं ट्रान्सफर झालं, पण बफरमध्ये नुसती शून्यं (दर फ्रेमआधी आम्ही तो पुसतो). एमलॉक (मेमरी डिस्कवर हलू न देणारा कॉल) लावूनही तेच.

रूट होऊन पेजमॅप (कोणतं पेज प्रत्यक्ष मेमरीत कुठे आहे याची नोंद) वाचला. फोर्कआधी पहिल्या पेजचा पीएफएन (प्रत्यक्ष मेमरीतला क्रमांक) ड्रायव्हरने छापलेल्या आकड्याशी जुळतो. फोर्कनंतर पॅरेंटने बफर पुसला की तो बदलतो. मला कॉपी-ऑन-राइटचा (लिहिताना पेजची वेगळी प्रत काढण्याचा) संशय आहे. पण रेफरन्स धरलेला असताना असं होतंच कसं? आणि कर्नल न बदलता भरवशाचा उपाय कोणता? तुरीची आवक सुरू झालीय, मिलवाले थांबू शकत नाहीत.

प्रतिसाद:
संशय बरोबर आहे. रेफरन्समुळे पेज मोकळं होत नाही, एवढंच. ते तुमच्याच पेज टेबलात राहील याची हमी त्यात नाही. फोर्कनंतर ते पॅरेंट-चाइल्ड दोघांकडे रीड-ओन्ली होतं. चाइल्ड जिवंत असताना पॅरेंटने लिहिलं की नवी कॉपी पॅरेंटला मिळते आणि कार्ड जुन्या पेजवरच लिहीत राहतं. एमलॉक फक्त स्वॅप अडवतं, इथे त्याचा उपयोग नाही.

५.४ वर फोर्कच्या आधी बफरला मॅडव्हाइजचा डोंटफोर्क (हा भाग चाइल्डला देऊ नको, ही कर्नलला सूचना) लावा. बफर एमएमॅपनेच (स्वतंत्र पूर्ण पेजेस देणाऱ्या कॉलने) घ्या. मॅलॉकचा असेल तर त्याच पेजवरचा शेजारचा डेटाही चाइल्डला दिसणार नाही आणि ती क्रॅश होईल.

पुढे कर्नल बदलाल तेव्हा पिन_युजर_पेजेस_फास्ट घ्या, लाँगटर्म फ्लॅगसह. ते ५.६ पासून आहे, आणि ५.९ पासून फोर्क होतानाच अशा पेजची कॉपी चाइल्डला मिळते, मूळ पेज पॅरेंटकडेच राहतं. मात्र सोडताना पुट_पेज नको, अनपिन_युजर_पेजेस_डर्टी_लॉक वापरा, नाहीतर पिनचा हिशोब बिघडतो.

धागाकर्ता:
धन्यवाद सर. डोंटफोर्क लावलं, फोर्कनंतरही पीएफएन तोच राहतोय. आता खराब दाण्याची फ्रेम चाइल्डला द्यायची आहे, त्यासाठी वेगळी शेअर्ड मेमरी घेतो. यात काही अडचण दिसत असेल तर सांगा.