मदत हवी आहे: सातवीची मुलं रफार आला की अडतात

नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. सातवीत ३१ मुलं आहेत. त्यातली ९ साधे शब्द धडाधड वाचतात, पण जोडाक्षर आलं की गाडी बंद! ‘प्रकाश’चं ‘परकाश’ होतं, ‘सर्व’ वहीत ‘र्सव’ असं उतरतं. त्यांचंही चुकत नाही म्हणा. र चा उच्चार व च्या आधी आणि खूण मात्र व च्या डोक्यावर, हे गणित समजावताना माझीच दमछाक होते.

पहिलीची बाराखडी पुन्हा काढली तर मुलं लाजतात. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ‘कमळ बघ’ कसं वाचायला द्यायचं? बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मोबाईलवर दाखवले. चित्रं आवडली, पण मजकूर या नऊ जणांना जड जातो.

लेखनाची तऱ्हा वेगळीच. घरी अहिराणी. एकाने ‘माझे घर’वर लिहिलं, ‘हाई मनं घर शे’. वाचून छान वाटलं, खरं सांगते. लाल पेन उचललंच नाही. आता आधी अहिराणीत लिहू द्यावं आणि मग प्रमाण मराठीत आणावं, असं मनात आहे. कोणी हे करून पाहिलंय का? परीक्षेत मुलं गोंधळतात का?

आणि सोपी जोडाक्षरं असलेला, पण मोठ्या मुलांना बालिश न वाटणारा मजकूर कुठे मिळेल? रोज परिपाठानंतरची २० मिनिटंच हातात आहेत.