वाढलेल्या प्रोस्टेटवरील नव्या उपचाराची चाचणी: काही रुग्णांना केवळ दिखाऊ उपचार का?

प्रश्न:
माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने लघवीसाठी त्यांना रात्री वारंवार उठावे लागते आणि गोळ्यांनी चक्कर येते. ग्रंथीत पाण्याची वाफ सोडण्याच्या उपचाराच्या चाचणीत सहभागी व्हावे, असे त्यांना सुचवण्यात आले आहे. मात्र चिठ्ठीने निवडलेल्या काही रुग्णांची केवळ दुर्बिणीतून तपासणी होईल आणि कोणाला काय मिळाले हे तीन महिने सांगितले जाणार नाही, असे संमतीपत्रात लिहिले आहे. या वयात असे करणे योग्य आहे का?

उत्तर १:
आपला संकोच रास्त आहे, पण या आजारात असा गट ठेवल्याशिवाय उपचाराचे खरे मोल कळत नाही. त्रास मोजण्याची मुख्य पद्धत म्हणजे ० ते ३५ गुणांची लक्षणांची प्रश्नावली; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. तिची उत्तरे रुग्णच देतो आणि त्रास टोकाला गेलेला असतानाच तो चाचणीत येत असल्याने पुढे काही सुधारणा आपोआपच दिसते. रेझूम या वाफेच्या उपचाराच्या १९७ पुरुषांवरील चाचणीत तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांचे गुण सरासरी ११.२ ने घटले, तर केवळ दुर्बीण घातलेल्यांचेही ४.३ ने घटले. यूरोलिफ्ट या, वाढलेली ग्रंथी छोट्या टाक्यांनी बाजूला ओढून धरण्याच्या उपचाराच्या २०६ जणांच्या चाचणीत हे आकडे ११.१ आणि ५.९ होते. तुलनेचा गट नसता, तर ही सगळी सुधारणा उपचाराच्याच खात्यावर जमा झाली असती.

उत्तर २:
त्या दोन्ही चाचण्यांत तीन महिन्यांनंतर केवळ दुर्बीण घातलेल्या गटालाही खरा उपचार घेण्याची मुभा होती. इथेही ती आहे का, हे लेखी विचारून घ्या. वाफेने मेलेली ऊती शरीरात हळूहळू जिरते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे जळजळ वाढू शकते आणि काही दिवस लघवीसाठी नळी ठेवावी लागू शकते. ज्येष्ठांच्या बाबतीत घरच्यांनी याची तयारी ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा. सहभाग कधीही सोडता येतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

उत्तर ३:
तीन महिन्यांच्या आकड्यांवर मी फार विसंबणार नाही. पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तत्सम प्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण रेझूमच्या चाचणीत ४.४ टक्के, तर यूरोलिफ्टच्या चाचणीत १३.६ टक्के होते. अर्थात दोन वेगळ्या चाचण्यांतील आकडे थेट शेजारी ठेवून निकाल देणे बरोबर नाही. शिवाय तीन महिन्यांनी दुसऱ्या गटालाही खरा उपचार खुला झाल्याने पुढच्या वर्षांसाठी तुलनेचा गटच उरत नाही. वडिलांपुढचा खरा पर्याय दुर्बिणीतून ग्रंथी खरवडण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेचा असेल, तर या चाचणीतून त्या तुलनेचे उत्तर मिळणार नाही. त्या शस्त्रक्रियेने लघवीची धार सहसा अधिक सुधारते, मात्र वीर्य मूत्राशयात उलट जाण्याचा परिणाम अनेकांत कायम राहतो. याला वडील किती महत्त्व देतात, हे त्यांनाच विचारा.